चेन्नईची जलनीती : समुद्राचा आधार, पावसाचा विसर

चेन्नई महानगर क्षेत्राच्या दुसऱ्या विकास आराखड्याची मुदत 2026 मध्ये संपत आहे. पुढील दोन दशकांसाठीच्या तिसऱ्या आराखड्यात पाण्याला कोणते स्थान मिळते, याकडे देशातील अन्य महानगरांनीही लक्ष द्यायला हवे. पाण्याचे दुर्भिक्ष आणि पाण्याचा प्रकोप या दोन्ही आपत्ती इतक्या कमी अंतराने सोसलेले दुसरे मोठे शहर भारतात क्वचितच सापडेल. डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि शेकडो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार वर्षे पूर्ण होण्याच्या आत, जून 2019 मध्ये, पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेम्बरम्बाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. डिसेंबर 2023 मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसाने हेच शहर पुन्हा बुडाले.

या घटनांमागील गणित समजून घेणे आवश्यक आहे. वरील चार जलाशयांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे सव्वाअकरा टीएमसी, म्हणजे सव्वाअकरा अब्ज घनफूट आहे. टंचाईपूर्वी शहराला दररोज सुमारे 83 कोटी लिटर पाणी पुरवले जात असे. या हिशेबाने जलाशय काठोकाठ भरले तरी ते पाणी जेमतेम वर्षभर पुरते, आणि त्यातूनही बाष्पीभवनाचा वाटा वजा करावा लागतो. चेन्नईचा बहुतांश पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असतो. त्या तीन महिन्यांनी एकदा दगा दिला की पुढचा उन्हाळा संकटाचा ठरतो. 2018 मध्ये नेमके तेच घडले.

आता दुसरी बाजू. शहरात वर्षाला सरासरी सुमारे 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि महापालिकेचे क्षेत्र 426 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे केवळ शहराच्या हद्दीत वर्षभरात कोसळणारे पाणी एकवीस टीएमसीच्या घरात जाते. ते चारही जलाशयांच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट भरते. हे सर्व पाणी अडवणे कोणालाही शक्य नाही. बरेचसे अवघ्या काही दिवसांत कोसळते आणि पाहता पाहता समुद्राला मिळते. तरीही पावसाच्या दृष्टीने हे शहर दरिद्री नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मात्र नियोजनाची नजर सतत दूरच्या पाण्याकडे राहिली. 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच टीएमसी पाणी चेन्नईला (तेव्हाच्या मद्रासला) देण्याचे मान्य केले. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे पाणी श्रीशैलम, सोमशिला आणि कंडलेरू या जलाशयांतून व कालव्यातून पूंडीपर्यंत आणणारी ही योजना ‘तेलुगू गंगा’ म्हणून ओळखली जाते. आंतरराज्य पाणीवाटपाचे नाव निघताच वाद उभे राहणाऱ्या देशात हा करार खरोखर उदार होता. परंतु पाणी प्रत्यक्ष पोहोचायला 1996 उजाडले. वाटेतील घट धरून तामिळनाडूच्या सीमेवर बारा टीएमसी मिळणे अपेक्षित असले, तरी बहुतेक वर्षांत तेवढे मिळालेले नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला की शेवटच्या टोकाचे शहर सर्वांत आधी कोरडे पडते, आणि करारातील आकडे त्याला वाचवू शकत नाहीत. 2004 पासून सुमारे 235 किलोमीटर अंतरावरील वीराणम तलावाचे पाणी नळाने येऊ लागले. तो तलावही कावेरीच्या प्रवाहावर अवलंबून आहे.

2019 च्या उन्हाळ्यात या सर्व आधारांची परीक्षा झाली. पुरवठा 83 कोटी लिटरवरून सुमारे साडेबावन्न कोटी लिटरवर आणावा लागला. शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणींत साचलेले पाणीही शुद्ध करून वापरण्यात आले. 12 जुलै रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे 25 लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कम येथे पोहोचली. मिरजेहून 2016 मध्ये लातूरला धावलेली ‘जलदूत’ गाडी मराठी वाचकांच्या स्मरणात असेलच. दररोज एक कोटी लिटर आणण्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले असते, तरी चेन्नईच्या तुटीचा तो केवळ तिसावा हिस्सा होता. त्या गाडीने सरकारची धडपड दिसली, तहान फारशी भागली नाही.

तहान भागवली ती टँकरने, आणि टँकरचे पाणी येते भूगर्भातून. तिरुवळ्ळूर आणि कांचीपुरम परिसरातील शेतकऱ्यांच्या विहिरींचे पाणी शहराकडे वळते, तेव्हा टंचाई संपत नाही. ती गावांकडे सरकते. शहरातही तिचे ओझे सारखे नसते. ज्या सोसायटीत जमिनीखालची टाकी आहे ती पैसे मोजून टँकर मागवते. वस्तीतील स्त्रिया रांगेत प्लास्टिकच्या रंगीत घागरी मांडून उभ्या राहतात. बहुतांश घरगुती नळजोडण्यांना मीटर नसल्यामुळे कोण किती वापरतो याचा हिशेबही कोणाकडे नसतो.

शहराच्या उत्तरेकडील मिंजूरचा परिसर या संदर्भात फार बोलका आहे. तेथील विहिरींतून शहर, उद्योग आणि शेतीसाठी अनेक दशके बेसुमार उपसा झाला आणि समुद्राचे खारे पाणी भूगर्भातून काही किलोमीटर आत शिरले. त्याच मिंजूरजवळ 2010 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा शहराचा पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला. भूगर्भातील गोडे पाणी खारे करायचे आणि मग विजेच्या बळावर खारे पाणी गोडे करायचे, असा हा उलटा प्रवास आहे.

निःक्षारीकरणाला सरसकट विरोध करणे योग्य ठरणार नाही. मिंजूर आणि नेम्मेली येथील प्रकल्पांची दैनिक क्षमता प्रत्येकी दहा कोटी लिटर आहे. नेम्मेलीच्याच दुसऱ्या, पंधरा कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झाले. पेरूर येथे चाळीस कोटी लिटरचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. पावसावर अवलंबून नसलेला हा स्रोत दुष्काळात मोठा आधार देतो, यात शंका नाही. पण एक हजार लिटर पाण्यामागे साधारण तीन ते चार युनिट वीज लागते आणि उरलेले तीव्र खारे पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते. त्याची झळ किनाऱ्यावरील मच्छीमारांना बसू शकते. विम्याची रक्कम रोजच्या घरखर्चाला वापरावी, तसा या पाण्याचा वापर होऊ लागला तर बिल वाढतच जाणार.

त्या तुलनेत सांडपाण्याच्या पुनर्वापराचे काम अधिक दूरदृष्टीचे आहे. कोयम्बेडू आणि कोडुंगैयूर येथे 2019 पासून प्रत्येकी साडेचार कोटी लिटर सांडपाणी उच्च दर्जाचे शुद्ध करून उद्योगांना दिले जाते, त्यामुळे तेवढे पिण्याचे पाणी वाचते. 2003 मध्ये जयललिता सरकारने प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, तो निर्णयही देशात अग्रेसर होता. पुढे देखभालीकडे दुर्लक्ष झाले आणि अनेक ठिकाणी ती व्यवस्था नकाशापुरतीच उरली.

खरे दुखणे जमिनीच्या वापराचे आहे. या प्रदेशात पूर्वजांनी ‘एरी’ नावाच्या तलावांची साखळी उभारली होती. एक तलाव भरला की त्याचे पाणी खालच्या तलावात उतरत असे. शहर वाढले, तसे तलावांवर आणि त्यांना जोडणाऱ्या चरांवर बांधकामे झाली. दक्षिणेकडील पळ्ळिकरणै ही पाणथळ जागा एकेकाळी सुमारे पाच हजार हेक्टरांवर पसरली होती. कचराभूमी, रस्ते आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींनी तिचा मोठा भाग गिळला. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा वाचवण्याजोगे थोडेच उरले होते. पावसाळ्यात पाणी घरांत शिरते ते याच बुजलेल्या वाटांमुळे, आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात त्यालाही तेच कारण आहे.

तरीही कारभारात हे दोन वेगवेगळे प्रश्न मानले जातात. पुरवठा मेट्रोवॉटर मंडळाकडे, जलाशय राज्याच्या जलसंपदा विभागाकडे, पावसाळी गटारे महापालिकेकडे आणि जमीनवापर महानगर विकास प्राधिकरणाकडे अशी विभागणी आहे. पूर आला की गटारांसाठी निधी मंजूर होतो आणि पाणी लवकरात लवकर समुद्रात लोटण्याची सोय केली जाते. टंचाई आली की त्याच समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी निधी मंजूर होतो. तिसऱ्या आराखड्यात तलावांच्या, पाणथळींच्या आणि चरांच्या सीमा सर्व्हे क्रमांकासह निश्चित करून तेथे बांधकाम परवाना नाकारण्याची तरतूद होते की नाही, हे पाहावे लागेल. चारही यंत्रणांना बांधील ठरणारी तशी तरतूद झाली, तर पेरूरच्या प्रकल्पावरील भार हलका होईल. तशी तरतूद न झाल्यास पुढच्या कोरड्या वर्षी टँकर पुन्हा तिरुवळ्ळूरच्या विहिरींकडेच वळतील.