छडीनंतरची शिस्त

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात या गावाने एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी ७ वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यासाला बसावे; मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजेल आणि ज्याला जे पाहायचे असेल ते त्याने खुशाल पाहावे.

या निर्णयामागे दोन वर्षांचा अनुभव होता. कोरोनाच्या काळात शाळांची दारे बंद झाली आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. ज्या हातांत आईबापांनी कधी मोबाइल दिला नव्हता, त्याच हातांत तो शाळेच्या नावाने द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या, फळे पुसले गेले, घंटा वाजू लागल्या. पण मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना. वर्गातले लक्ष उडाले, वाचन मागे पडले. ही तक्रार शिक्षकांची होती, तशीच आयांचीही होती. अखेर गावातील महिलांच्या सभेने हा विषय हाती घेतला. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आजी-माजी शिक्षक घरोघर फिरले आणि भोंगा वाजू लागला.

भोंग्याच्या या गोष्टीची वृत्तपत्रांनी कौतुकाने दखल घेतली. मात्र त्या कौतुकात तिचे मर्म काहीसे झाकले गेले. वडगावने मुलांचा मोबाइल बंद केला नव्हता. गावाचा मोबाइल बंद केला होता. ७ वाजता मुलाने पडदा मिटायचा, तर बापानेही मिटायचा, आजीनेही आपली मालिका दीड तास पुढे ढकलायची. मुलासाठी आखलेली रेघ मोठ्यांनी आधी स्वतःच्या पायापुढे आखून घेतली. ती रेघ शाळेची होती, घराची होती आणि गावाचीही होती. म्हणूनच ती मुलाला शिक्षेसारखी न वाटता गावाच्या रीतीसारखी वाटू शकली.

आज महाराष्ट्रातील शेकडो शाळांना भेडसावणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर या रीतीत दडलेले आहे. तो प्रश्न असा, की छडी गेली, तिच्या जागी काय आले?

छडी गेली हे उत्तमच झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याआधीच्या काही पिढ्यांनी हातावरचे वळ, बाकावर उभे राहणे, साऱ्या वर्गासमोर होणारी मानहानी हे सारे शिक्षणाचाच भाग म्हणून सोसले. त्यातून काही जण शिकले. पण ते माराने शिकले की मार सोसूनही शिकले, हे कोणी तपासले नाही. जी मुले मारामुळे शाळेला कायमची पारखी झाली, त्यांचा हिशोब तर कोणीच ठेवला नाही. तेव्हा छडीच्या आठवणीने गहिवरून येण्याचे कारण नाही.

परंतु एक गोष्ट नजरेआड झाली. छडी काढून घेताना कायद्याने शाळेला मर्यादा सोडायला सांगितले नव्हते. मर्यादा राखण्याचे एक रानटी साधन तेवढे काढून घेतले होते. समाजाने मात्र साधन आणि साध्य यांत गल्लत केली. मारायचे नाही म्हणजे अडवायचे नाही, असा अर्थ अनेक घरांनी लावला आणि अनेक शाळांनी तो निमूटपणे स्वीकारला. एके काळी ‘हाडे आमची, मांस तुमचे’ असे मास्तरांना सांगून मुलाला शाळेत सोडणारा पालक दोन पिढ्यांत अगदी दुसऱ्या टोकाला गेला. मुलाला शिक्षक नुसते रागावले, तरी तो मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊन उभा राहू लागला. पहिल्या टोकाला मूल असहाय होते. दुसऱ्या टोकाला ते एकाकी आहे. कारण ज्याला कोणीच अडवत नाही, त्याला आपली कोणाला काळजी आहे की नाही, हेच कळेनासे होते.

शहरातील कोणत्याही माध्यमिक शाळेबाहेरचे दृश्य पाहावे. शाळेचा नियम स्पष्ट आहे, विद्यार्थ्यांनी दुचाकी आणू नये. कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही नववी-दहावीतील मुले दुचाकीवर येतात. गाडी शाळेच्या आवारात न लावता दोन गल्ल्या अलीकडे, किराणा दुकानासमोर लावतात. ती तिथे लावण्याची युक्ती अनेकदा वडिलांनीच सुचवलेली असते. पुढच्या चौकात पोलीस उभा आहे का, हे पाहण्याची शिकवणही घरचीच.

त्या मुलाने या साऱ्यातून काय शिकावे? नियम पाळण्यासाठी नसतात, दाखवण्यासाठी असतात, एवढेच. शाळा वर्षभर नागरिकशास्त्र शिकवते आणि घर ते एका सकाळी पुसून टाकते. तेथे अपघात झाला तर समाज ‘आजची पिढी’ म्हणून हळहळतो. ती रेघ मुलाने मोडलेलीच नसते. मोठ्यांनीच त्याच्यासाठी ती पुसलेली असते.

घरावर बोट ठेवताना शाळेलाही मोकळे सोडता येणार नाही. वर्गात मोबाइल आणू नये असे फलकावर लिहिणारे शिक्षक तास चालू असताना स्वतःच्या मोबाइलमध्ये डोकावतात, तेव्हा फलकावरील अक्षरे निरर्थक होतात. उशिरा येणाऱ्या सामान्य घरातील मुलाला दाराबाहेर उभे करायचे आणि संस्थाचालकांच्या नातवाला हसून आत घ्यायचे, हेही मुले पाहत असतात. न्यायाची जाण मुलांना उपजत असते. कडक शिक्षक त्यांना चालतो. पक्षपाती शिक्षक चालत नाही.

मर्यादा आणि स्वातंत्र्य यांचे वैर आहे, असा समज हल्ली बळावला आहे. बालशिक्षणाचा इतिहास वेगळेच सांगतो. मुलांच्या स्वातंत्र्याचा सर्वाधिक आग्रह ज्यांनी धरला, त्या मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथे राहिल्या. त्यांच्या पद्धतीच्या बालमंदिरात प्रत्येक साधन एकेकच ठेवलेले असते. एक मूल मनोरा रचत असेल तर दुसऱ्याने थांबायचे. काम झाले की साधन जागच्या जागी ठेवायचे. तेथे कोणी ओरडत नाही, मारत नाही. पण थांबणे चुकत नाही. बालकाचे स्वातंत्र्य जेथे साऱ्यांच्या हिताला भिडते, तेथे त्याची सीमा, हे त्यांचे सूत्र होते.

त्या येथे येण्याआधीच गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना दूर ठेवून बालमंदिर चालवले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह हे काम आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. ही कुरणशाळा मर्यादेबद्दलही काही शिकवते. मुलाला पाळता येईल अशीच मर्यादा घालावी. ज्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, आईबाप दोघेही रात्री उशिरा परततात, तेथील मुलाला गृहपाठ अपुरा म्हणून दंड करण्याने शिस्त लागत नाही. शाळेची एखादी खोली सायंकाळी उघडी ठेवली, तर लागू शकते.

मराठी मनाला या विषयावर धडा देणारे पुस्तक तर घरोघरी आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. हा प्रसंग अनेकांच्या मनात आहे; पण स्मरणात राहिली ती शिंपटीच. पोहून आलेल्या मुलाच्या अंगावरचे वळ पाहून त्या माउलीचे डोळे भरून येतात, त्याच्यासाठी तिने दही राखून ठेवलेले असते, हा उत्तरार्ध मात्र विसरला गेला. आज शिंपटी नको, हे उघड आहे. पण आपला मुलगा भित्रा राहू नये म्हणून ‘नाही’ या शब्दावर ठाम राहणे आणि त्या ठामपणाचे दुःख स्वतः सोसणे, हे आजही हवे आहे. मुलाला अडवणे कोणालाही जमते. अडवल्यानंतर त्याला जवळ घेणे ज्याला जमते, त्याचेच अडवणे मूल मानते.

यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. मात्र बहुतेक ठिकाणी तिच्या सभा पोषण आहार, रंगरंगोटी आणि सह्या यांतच संपतात. त्याच सभेत वर्षारंभी पालक आणि शिक्षकांनी मिळून चार-पाच मर्यादा ठरवाव्यात. त्या मोजक्याच असाव्यात, कारण चाळीस नियमांतला एकही पाळला जात नाही. त्या कशासाठी आहेत, हे मुलांना आधी समजावून सांगावे. वरच्या वर्गांतील मुलांना तर ठरवतानाच सोबत बसवावे. चुकीचा परिणाम चुकीशी जुळणारा असावा. ज्याने भिंत खराब केली त्याने ती पुसावी. त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावू नये. परिणाम भोगून झाला की विषय तेथेच मिटावा, चारचौघांत त्याची उजळणी होऊ नये. आणि शेवटची अट सर्वांत अवघड आहे. ती मर्यादा ठरवणाऱ्यांनी स्वतः पाळावी.

एका वर्गात साठ-सत्तर मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे कसे जमणार, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. एकट्या शिक्षकाला हे जमणार नाहीच. एकट्या आईलाही जमणार नाही. शेजारच्या घरातला मुलगा रात्री बारापर्यंत मोबाइल पाहत असेल, तर आपल्या मुलाला दहा वाजता झोपवणारी आई त्याच्या लेखी दुष्ट ठरते. म्हणून तर ही गोष्ट एकेका घराने करायची नसून शाळेभोवती जमलेल्या साऱ्या घरांनी मिळून करायची आहे. मुलाने ज्या दिशेला पाहावे, तेथे त्याला तीच रेघ दिसली पाहिजे. ती आखणारे चेहरेही ओळखीचे आणि मायेचे असले पाहिजेत.

मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे आणि सोळाव्या वर्षी त्याला मित्र मानावे, असे एक जुने सुभाषित सांगते. आजच्या अनेक घरांत हा क्रम उलटला आहे. लहानपणी मित्र म्हणून मोकळे सोडलेल्या मुलाला दहावीच्या वर्षी एकाएकी धाकात घेतले जाते आणि मग ते ऐकत नाही म्हणून घर हताश होते. ज्या रोपाला वेळेवर आधाराची काठी मिळाली नाही, त्याचा वाकलेला बुंधा नंतर दोरीने ओढून सरळ होत नाही.

वडगावच्या भोंग्याला दुसऱ्यांदा वाजायचे असते, हे शेवटी लक्षात घ्यावे. मर्यादेला आरंभ असतो तसा अंतही असतो. साडेआठ वाजता ती उठते आणि मुलाला त्याची मोकळीक परत मिळते. ७ ते साडेआठ या वेळात आपल्यासोबत सारे घर थांबले होते, हे ज्या मुलाला आठवेल, ते उद्या मोठे झाल्यावर भोंगा नसतानाही थांबेल. छडीने हे कधी साधले नव्हते.