खलाशाला जमिनीवरही छप्पर हवं

सर्व बोटमालक आणि मच्छीमार बंधू-भगिनींनो,

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये सासष्टीतल्या कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली. ट्रॉलरवर राबणारे खलाशी दगावले. साथ गेली म्हणून विषय संपला असं समजू नका.

ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेला खलाशी बोटीवरच काम करतो, तिथंच जेवतो, तिथंच झोपतो. गावी त्याचं घर असेल, पण सीझनचे दहा महिने इथं तो बेघरच ना?

कॉलरा घाण मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. जुलाब लागताच ओआरएस आणि उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात. उशीर झाला तर काही तासांत माणूस जातो. म्हणून आरोग्य खात्याची तपासणी, औषधं हवीतच. पण बरा झालेला माणूस परत त्याच गर्दीत, त्याच पाण्यावर गेला तर काय उपयोग?

काही मालक म्हणतात, हे सरकारचं काम. नळ, संडास, सांडपाण्याची सोय सरकारनंच करावी, ती आपण मागूच. पण खलाशांना इथं आणतो आपण. डिझेल-बर्फाचा हिशेब मांडतो, तसाच त्यांच्या निवाऱ्याचाही मांडूया. प्रत्येक बोटीनं वाटा उचलला तर जेटीजवळ भाड्यानं जागा घेता येईल.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते. जाळी विणतो, बोटी रंगवतो, त्याच दिवसांत हेही होऊ शकतं. पुढच्या सभेत यावर बोला, गप्प बसू नका.

– सचिव