यॉटवर बंदूक हवी का?

परवा हॉस्टेलवर वाद रंगला. चाच्यांपासून बचावासाठी खासगी यॉटवर बंदूक ठेवावी का? मी तावातावाने "हवीच!" म्हणत होते. मग सर पीटर ब्लेक यांच्याबद्दल वाचलं आणि गप्पच बसले.

न्यूझीलंडला १९९५ आणि २००० मध्ये अमेरिकाज कप जिंकून देणारे हे दर्यावर्दी. डिसेंबर २००१ मध्ये ब्राझीलला, अॅमेझॉनच्या मुखाशी, त्यांच्या 'सीमास्टर'वर सशस्त्र लुटारू चढले. ब्लेकनी रायफल काढली, एकाला जखमीही केलं. पण रायफल जॅम झाली आणि ते मारले गेले. लुटारूंनी नेलं काय? एक आउटबोर्ड इंजिन नि काही घड्याळं!

"मग काय नुसते हात वर करायचे?" रूममेटने विचारलं. प्रश्न रास्त आहे. २००९ मध्ये सोमाली चाच्यांनी पकडलेलं ब्रिटिश जोडपं ३८८ दिवसांनी जिवंत सुटलं, पण २०११ मध्ये 'क्वेस्ट'वरच्या चार अमेरिकनांना चाच्यांनी ठार मारलं. गॅरंटी कशाचीच नाही.

पण आपण इंजिनिअर होणार ना? मग अख्ख्या सिस्टिमचा विचार करू. मोठ्या मालवाहू जहाजाचा डेक उंच असतो, वर ट्रेन्ड गार्ड ठेवता येतात. यॉटचा डेक पाण्यालगत, फायबरग्लासमधून गोळी आरपार जाते, आणि लढणार कोण? झोपेतून उठलेले दोघं-चौघं!

बंदुकीने धीर येतो, सेफ्टी येत नाही. त्यापेक्षा धोक्याचा रूटच टाळलेला बरा. माझं मत बदललं. तुमचं?