सायलेन्सरची जाळी फोडायच्या आधी पियुसीची पावती वाचा

मंडळी, आज पुढाऱ्यांवर नाही, गाड्यांवर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचलंत तर यातही आपला कारभारच दिसेल.

आपल्या बिलोली, देगलूर, नायगाव, धर्माबाद पट्ट्यात कुणाच्याही दारातली चारचाकी बघा. शोरूममधून थेट आलेली थोडी, पुण्या-हैदराबादला आठ-दहा वर्षं पळून इकडं आलेली जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इको. यात कमीपणा काहीच नाही. शेतकरी, शिक्षक, किराणा दुकानदार, शाळेच्या लेकरांची ने-आण करणारा ड्रायव्हर, सगळ्यांना परवडते ती हीच गाडी. पण ती दबायला लागली, पिकअप गेला, चढावर दम टाकू लागली की आपल्याकडं एकच निदान ऐकू येतं: "सायलेन्सरची जाळी चोक झाली. काढून टाकू, गाडी मोकळी होईल."

ही जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ती न तपासता फोडणं हा मालकाचा तोटा आहे आणि आत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. आणि हे सगळं बिनबोभाट खपतं, कारण पियुसी तपासणी बऱ्याच ठिकाणी कागदापुरती उरली आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सरकडं जाताना एका डब्यातून जातो. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा अगदी पातळ थर असतो. जाळी साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापली की कामाला लागते. विषारी कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड करते, न जळालेलं पेट्रोल जाळून टाकते, नायट्रोजनच्या घातक वायूंचा साधा नायट्रोजन करते. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ती सक्तीची झाली. शिसं असलेल्या पेट्रोलनं ही जाळी मरते, म्हणून तिच्याबरोबरच तिथं शिसेमुक्त पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. म्हणजे ही जाळी कंपनीनं गाडी अडवायला बसवलेली नाही. ती आपल्या फुप्फुसांसाठी बसवलेली आहे.

तिची किंमत आपल्याला नसली तरी चोरांना आहे. गेल्या काही वर्षांत पुणे, ठाणे, नाशिकपासून गुजरातपर्यंत 'इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. चोर सायलेन्सर नेत नाही, आतली 'माती' नेतो. इकोचा डबा खालून सहज हाताला लागतो, म्हणून इकोवर डोळा. आता विचार करा. ज्या वस्तूसाठी चोर मध्यरात्री गाडीखाली झोपतो, तीच वस्तू आपण भरदिवसा काढून देतो, वर चहा पाजतो. "जाळी फुकटात काढून देतो" म्हणणाऱ्यानं तुमच्यावर उपकार केला असं समजू नका. जाळी कुठं गेली, हे विचारा.

हे सगळ्या मिस्त्री लोकांवर बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडचे बरेच मिस्त्री कानानं इंजिन ओळखतात. पण जाळीचा आजार नुसत्या कानानं कळत नाही.

मुख्य मुद्दा हा की जाळी सहसा आपोआप मरत नाही, तिला कोणीतरी मारतं. एखादा प्लग किंवा कॉइल गेली, गाडी मिसिंग करू लागली, तर न जळालेलं पेट्रोल थेट जाळीवर जाऊन पेटतं. तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि जाळी वितळून गोळा होते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. हेड गॅस्केट गेलं तर कूलंट आत जातं. गॅस किटची ट्यूनिंग बिघडली तरी तोच प्रकार. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे रस्ते. रेतीच्या हायवांनी उखडलेल्या रस्त्यावर आणि मोजमाप नसलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. डब्याला पोचा आला की आतली जाळी तडकते. मूळ रोग तसाच ठेवून जाळी फोडली तर रोग बरा होत नाही, फक्त तक्रार दिसेनाशी होते. आणि मूळ रोग तसाच ठेवून नवी जाळी बसवली, तर ती पाच आकडी खर्चाची जाळीही काही महिन्यांत त्याच वाटेनं जाते.

माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरची जुनी इको. शाळेची लेकरं नेतो. गाडी दबत होती, पेट्रोल जास्त खात होती. दोन ठिकाणी "जाळी काढा" हेच सांगितलं. तिसऱ्या मिस्त्रीनं आधी प्लग उघडले. एका सिलिंडरचा प्लग मेलेला होता. चारही प्लग बदलले, गाडी पूर्वीसारखी पळाली. जाळी शाबूत होती. प्लगचा खर्च आणि जाळीचा खर्च यातला फरक तुम्हीच काढा.

मग तपासायचं कसं? क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, लक्षणं नीट सांगा. गाडी उभी असताना ठीक, पण वेग वाढवला की कुणीतरी गळा धरल्यासारखी होते, तर जाळी तुंबल्याचा संशय घ्या. चालू करताना गाडीखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तर जाळी आतून फुटली असेल. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मिश्रण बिघडलंय किंवा जाळी नीट काम करत नाही. पिकअप चांगला आहे, आवाज नाही, पण पियुसीत आकडे जास्त येतात, तर जाळी तुंबलेली नसून तिच्यावरचा थर निकामी झालेला असू शकतो. हे वेगवेगळे आजार आहेत, सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

दुसरं, जाळीला हात लावायच्या आधी प्लग, कॉइल, एअर फिल्टर, ऑइलची पातळी आणि कूलंट बघायला सांगा. सायलेन्सरच्या जोडावर कुठं गळती आहे का तेही बघा. गळती असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

तिसरं, तुंबली आहे का हे फोडून नाही, मोजून ठरवा. जाळीच्या आधी असलेला ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच जागी प्रेशर गेज लावता येतो. इंजिन नुसतं चालू असताना दाब दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमवर तीनच्या आत असेल तर जाळी तुंबलेली नाही. गेज नसेल तर निदान तो सेन्सर काढून मिस्त्रीला जागेवरच इंजिन वाढवून बघू द्या. दबणारं इंजिन एकदम मोकळं झालं तर संशय पक्का. आवाज मोठा होईल, घाबरू नका. हे काम थंड गाडीवर सुरू करा, तापलेला डबा हात भाजतो. आणि त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

चौथं, स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर आकडे दाखवणारा छोटा स्कॅनर आता हजार रुपयांच्या आसपास मिळतो. ज्या गाडीला जाळीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत, तिथं पुढच्याचा आकडा सतत वर-खाली होतो आणि मागच्याचा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर जाळी काम करत नाही. 'पी ०४२०' हा कोड त्याचाच. पण सोबत 'पी ०३००' म्हणजे मिसिंगचा कोड असेल तर आधी मिसिंग दुरुस्त करा. कोड हा संशय आहे, निकाल नव्हे.

आता खरी अडचण. दोन सेन्सरची आणि जाळीवर लक्ष ठेवणारी ही पद्धत आपल्याकडं बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना जाळीमागं सेन्सरच नाही. त्यामुळं जाळी मेली तरी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागत नाही. आपल्या भागात तर अशा गाड्याच जास्त. या गाड्यांची जाळी जिवंत आहे की मेली हे सांगणारं, सामान्य माणसाच्या आवाक्यातलं एकच यंत्र उरतं, ते म्हणजे पियुसी केंद्रातलं गॅस मशीन.

आणि तेच आपण फुकट घालवतोय.

पियुसीची पावती म्हणजे पोलिसाला दाखवायचं चिटोरं नाही. ती गाडीच्या रक्त तपासणीची रिपोर्ट आहे. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय बीएस-४ गाडी २५०० आरपीएमच्या आसपास चालवून लॅम्ब्डा नावाचा आकडाही बघायचा असतो, तो ०.९७ ते १.०३ च्या मधे हवा. लॅम्ब्डा म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर आहे की नाही. आता हे वाचायला शिका. लॅम्ब्डा बरोबर, गाडी मिसिंग करत नाही, इंजिन चांगलं तापलेलं, गळती नाही, तरीही कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन दोन्ही जास्त, तर इंजिन ठीक आहे, जाळी गेली आहे. फक्त हायड्रोकार्बन भरमसाट जास्त असेल तर आधी मिसिंग शोधा. फक्त कार्बन मोनॉक्साईड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. इतकी माहिती एका पावतीत मिळते, पण नळी खरंच सायलेन्सरमध्ये घातली तरच.

नळी घातली जाते का? स्वतःला विचारा. शेवटच्या पियुसीला तुमचं इंजिन चालू होतं का? की नंबर प्लेटचा फोटो काढला आणि पावती हातात आली? हे फक्त छोट्या गावातलं दुखणं नाही. २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात, धूर मर्यादेपेक्षा जास्त असूनही एक लाखाहून अधिक गाड्यांना पियुसी दिल्याचं नोंदवलं आहे. देशाच्या राजधानीत ही गत, तर आपल्याकडं कोण बघतंय?

इथं एक वाद हमखास येणार, म्हणून आधीच बोलतो. "समोरून हायवा काळा धूर ओकत जातो, त्याला कोणी विचारत नाही, आणि माझ्या अल्टोच्या मागं कशाला लागता?" हायवाला विचारलंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण काळा धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. जाळी फोडून डबा कसाबसा वेल्डिंग केला, जोडाला फट राहिली, थंडीत काचा बंद आणि मागं लेकरं बसलेली. त्या फटीतून येणारा वायू आता जाळीनं साफ केलेला नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं, याला आपण गाडी लागली म्हणतो आणि सोडून देतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळीच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा. सरकार जुन्या गाडीवाल्याकडून पर्यावरणाच्या नावानं पैसे घेतं. मग त्या पैशाच्या बदल्यात निदान एक खरी तपासणी मागायचा त्याला हक्क आहे की नाही?

म्हणून तीन मागण्या. नांदेडच्या परिवहन कार्यालयानं तालुक्यांतल्या पियुसी केंद्रांना न कळवता भेटी द्याव्यात आणि इंजिन बंद ठेवून पावती देणाऱ्याचा परवाना काढावा. आपल्या भागातल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिक विभागानं गावातल्या मिस्त्री लोकांसाठी दोन-तीन दिवसांचा वर्ग घ्यावा, स्कॅनर, गेज आणि पियुसीचे आकडे एवढाच विषय. आणि शाळांनी लेकरांची ने-आण करणाऱ्या गाड्यांची पियुसी स्वतःसमोर, नळी घालून करून घ्यावी. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी लागत नाहीत.

आपल्या हातात आहे ते आपण करू. पुढच्या पियुसीला इंजिन तापवून जा. "भाऊ, नळी घाला आणि आकडे दाखवा" म्हणा. पावती फेकू नका, मागच्या पावतीच्या शेजारी ठेवा, आकडे वाढतायत का बघा. आणि कुणी "जाळी काढून टाकू" म्हणालं तर एवढंच विचारा: "मोजलंत का?"

तुमच्या शेवटच्या पियुसीला नळी घातली होती की नाही, कमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा. केंद्राचं नाव नको, फक्त हो किंवा नाही.