कमरेची कुंडली

संकट आले की मराठी माणूस कंबर कसतो आणि महागाई त्याचे कंबरडे मोडते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे उतरवताना मात्र ही कंबर वाक्प्रचारातून बाहेर येते आणि खरोखरच धरते. मग घरात एमआरआयचा लिफाफा येतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या अहवालात ‘झीज’ निघाली आणि त्यांनी नातवाला कडेवर घेणेच सोडले.

मी पडलो मराठीचा मास्तर. शब्द संदर्भासह वाचावा, एवढे मला कळते. कमरेत पाच मणके. दर दोन मणक्यांमध्ये पुढे एक गादी, मागे सांध्यांची जोडी. वयाबरोबर केस पिकतात, तसे गादीतले पाणी आटते, सांधे खडबडीत होतात. पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गादीची झीज विसाव्या वर्षी ३७ टक्के लोकांत आढळली, ऐंशीव्या वर्षी ९६ टक्क्यांत!

म्हणून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, सोबत ताप असला किंवा वजन घटू लागले, तर डॉक्टरांकडे तातडीने जावे. एरवी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते. तिला अंथरुणापेक्षा हिंडणेफिरणेच अधिक मानवते.

तेव्हा वाचकहो, लिफाफा हाती आलाच तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा : ‘माझ्याच वयाच्या, पण पाठ न दुखणाऱ्या माणसाचा फोटो यापेक्षा कितीसा वेगळा दिसेल?’