दुकानदाराचा प्रश्न रास्तच

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मुदत संपण्याआधीच निवडणूक घ्या, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू बजावते. तरी जवळपास चार वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. छोट्या दुकानदाराने या काळात कर भरले, परवाने घेतले. दुकानापुढचे गटार तुंबले की जाब विचारायला निवडून दिलेला माणूस मात्र नव्हता. अर्थसंकल्पही सभागृहातील चर्चेविनाच मंजूर होत राहिले. आज हा दुकानदार ‘माझ्या कराचा हिशेब काय?’ असे उघडपणे विचारतो, तेव्हा ‘तू तुझा धंदा सांभाळ’ असे त्याला सुनावणे हा उद्दामपणा आहे. नव्या नगरसेवकांनी प्रभागातील प्रत्येक कामाचा खर्च फलकावर जाहीर करावा.