पराभूताचा गुण

परीक्षेचा निकाल हातीं पडतांच आमचे विद्यार्थी प्रथम गुणांची बेरीज तपासतात, आणि त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. पण गुण देण्याची रीत तपासावी, असें फारच थोड्यांच्या मनांत येतें. रीतच वांकडी असेल तर बिनचूक बेरजेनेंही अन्याय होतो. याचें एक ठळक उदाहरण आम्हांस उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकींत आढळलें, म्हणून तो विषय येथें घेत आहों. आमच्या क्रीडांगणावर बर्फ पडण्याचा मुळींच संभव नसल्यामुळें या वादांत आम्ही कोणाचे पक्षपाती नाहीं, इतकें तरी वाचकांनीं मान्य करावें.

कॅनडा व अमेरिका येथील व्यावसायिक संघांची 'नॅशनल हॉकी लीग' ही संस्था १९१७ सालीं स्थापन झाली. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून प्रत्येक बाजूचे पांच खेळाडू व एक गोलरक्षक रबराच्या एका चकतीसाठीं झुंजतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. जिंकणाऱ्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास दोघांस एकेक, आणि हरणाऱ्यास शून्य, असा जुना नियम होता. म्हणजे सामना कसाही होवो, त्यांतून दोनच गुण निघत. कमी नाहीं, अधिक नाहीं. बरोबरी ही त्या काळीं लाजिरवाणी गोष्ट नव्हती. १९७९-८० च्या हंगामांत फिलाडेल्फियाचा संघ सलग ३५ सामने अपराजित राहिला. त्यांत २५ विजय होते व १० बरोबऱ्या होत्या. त्या दहांमुळें त्या पराक्रमास उणेपणा आला असें कोणी म्हणत नाहीं.

सुटलेला सामना जादा वेळ खेळून तडीस नेण्याची चाल मात्र जुनीच. महायुद्धाच्या धामधुमींत आगगाड्यांच्या वेळा सांभाळणें कठीण झाल्यामुळें १९४२ च्या नोव्हेंबरांत ती बंद पडली. पुढें १९८३-८४ मध्यें पांच मिनिटांच्या जादा वेळेच्या रूपानें ती परत आली. त्या अवधींत जो प्रथम गोल करील तो विजयी, आणि कोणीच न केल्यास बरोबरी. येथें एक अडचण उद्भवली. बरोबरीचा एक गुण पदरांत पडल्यासारखाच असे. तो गमावण्याच्या भीतीनें संघ जादा वेळांत हातपाय आखडून खेळत. यावर उपाय म्हणून १९९९-२००० पासून असें ठरलें कीं, साठ मिनिटें बरोबरींत काढणाऱ्या दोन्ही संघांस एकेक गुण निश्चित मिळावा, आणि जादा वेळांत जिंकणाऱ्यास आणखी एक. त्याच वर्षापासून जादा वेळांत प्रत्येकीं पांचांऐवजीं चारच खेळाडू उतरूं लागले. २०१५-१६ पासून तर तीनच.

उपाय चतुराईचा होता खरा. पण भीति गेली नाहीं. तिनें केवळ आपली जागा बदलली. पूर्वीं संघ जादा वेळांत जपून खेळत, आतां ते शेवटच्या डावाच्या अखेरीस जपून खेळूं लागले. कारण साठ मिनिटें कशीबशी काढलीं कीं दोन गुणांचे तीन होतात! व्यापारांत असा नफा कोठें मिळत असेल तर आम्हांस ठाऊक नाहीं.

२००४-०५ चा हंगाम मालक व खेळाडू यांच्या तंट्यामुळें सबंध रद्द झाला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हां, २००५-०६ मध्यें, बरोबरीच काढून टाकण्यांत आली. जादा वेळांतही निकाल न लागल्यास 'शूटआऊट' व्हावा, म्हणजे एकेका खेळाडूनें चकती घेऊन एकट्या गोलरक्षकावर चालून जावें, असें ठरलें. आमचा मुख्य आक्षेप याच ठिकाणीं आहे. पराभूतास दिलेला गुण हा मुळांत बरोबरींतला त्याचा वाटा होता. बरोबरी गेली, पण तिचा गुण मागें राहिला. घर पाडलें, आणि त्याचें भाडें मात्र चालूच ठेवलें, असा हा प्रकार झाला.

याचा परिणाम गुणतक्त्यावर कसा होतो तें पाहा. ८२ सामन्यांच्या हंगामांत एखाद्या संघानें ४१ जिंकले, ३१ नियमित वेळांत हरले व १० जादा वेळांत अथवा शूटआऊटमध्यें हरले, असें समजूं. विजय ४१, पराभवही ४१. परंतु तक्त्यांत पराभवांचे दोन रकाने असतात, आणि संघाच्या नांवावर ९२ गुण पडतात. म्हणजे १६४ च्या निम्म्याहून दहा अधिक. 'आमचा संघ निम्म्याच्या वर आहे' असें त्याचे चाहते अभिमानानें सांगतात. पराभवाचें नांव बदलून तो निराळ्या रकान्यांत बसविला, म्हणजे तो विजय थोडाच होतो?

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. २०१७-१८ च्या हंगामांत पूर्वेकडील संघांत फ्लॉरिडानें ४४ सामने जिंकले व ३८ गमावले. फिलाडेल्फियानें ४२ जिंकले व ४० गमावले. पण फिलाडेल्फियाच्या चाळीस पराभवांपैकीं १४ जादा वेळेनंतरचे होते, फ्लॉरिडाचे आठच. गुण झाले ९८ व ९६. फिलाडेल्फिया पुढील बाद फेरींत गेला आणि फ्लॉरिडाचे खेळाडू घरीं बसले. नियम निराळा असता तर संघही निराळे खेळले असते, हें आम्ही मान्य करितों. तथापि अधिक जिंकून व कमी हरून मागें राहावें लागलेल्या खेळाडूस हें समजावून सांगण्याचें काम आमच्यावर आलें नाहीं, याचें आम्हांस समाधान वाटतें.

कोणी म्हणेल, शर्थीनें झुंजून हरलेल्यास एक गुण दिला तर बिघडलें काय? औदार्याचें आम्हांसही वावडें नाहीं. परंतु हें औदार्य दुसऱ्याच्या खिशांतून होतें. गुणतक्ता ही एकमेकांशीं तुलना आहे. ज्या सामन्यांतून तीन गुण निघाले, त्याची किंमत ज्यांचे सामने दोनांतच आटोपले ते संघ देतात. शिवाय झुंज कोणती? नियमित वेळांत शेवटच्या क्षणीं एका गोलानें हरणाऱ्यास शून्य, आणि मिनिटाभरानें जादा वेळांत हरणाऱ्यास एक! पहिल्याची झुंज दुसऱ्याहून उणी होती काय? आणि खुद्द लीगलाही या रीतीचा पुरता भरंवसा नसावा. स्टॅन्ली चषकाच्या बाद फेरींत शूटआऊट नाहीं, पराभूतास गुण नाहीं. गोल होईपर्यंत पुरत्या संघांनीं पूर्ण डाव खेळत राहावयाचें. १९३६ च्या मार्च महिन्यांत डेट्रॉइट व मॉन्ट्रियल मरून्स यांचा सामना असाच सहाव्या जादा डावापर्यंत लांबला आणि एकाच गोलानें संपला. तोंपर्यंत खेळाचीं १७६ मिनिटें उलटलीं होतीं.

यावर तोड नाहीं असेंही नव्हे. बरोबरी परत आणावी, हा आमच्या आवडीचा मार्ग. पण प्रेक्षकांस निकाल हवा असतो आणि तिकिटाचे पैसे तेच भरतात, म्हणून त्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. दुसरी वाट आंतरराष्ट्रीय हॉकी संघानें २००७ च्या जागतिक स्पर्धेपासून आपल्या सामन्यांस लावली आहे. नियमित वेळांत जिंकल्यास तीन गुण. जादा वेळांत जिंकल्यास दोन व हरणाऱ्यास एक. प्रत्येक सामन्यास तीनच गुण, मग तो कसाही संपो; आणि वेळेंत जिंकण्याची धडपड करणाऱ्यास त्याचें पूर्ण मोल. २०२४ च्या जानेवारींत उत्तर अमेरिकेंतच स्त्रियांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, तिनेंही पहिल्या दिवसापासून हीच रीत पत्करली. पुरुषांच्या लीगनें २०१९-२० पासून इतकेंच केलें कीं, दोन संघांचे गुण सारखे झाल्यास नियमित वेळांतील विजय आधीं मोजावे. २०२४-२५ मध्यें सेंट लुईस व कॅलगरी या दोघांचे ९६ गुण झाले, तेव्हां याच मोजणीनें सेंट लुईस पुढें गेला. जें माप शेवटच्या तंट्यांत खरें मानावयाचें, तें पहिल्या सामन्यापासून कां लावूं नये, याचें समाधानकारक उत्तर आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.